तीन टॅब, एक टीव्ही आणि सहावीचा वर्ग

प्रश्न : मी नागपुरात मराठी माध्यमाच्या शाळेत सहावीला शिकवते. पटावर ४१ मुलं आहेत. देणगीतून वर्गात ५५ इंची अँड्रॉइड टीव्ही आणि तीन टॅब आले. एक मुलगा तोंडी उत्तरं फटाफट देतो, पण वाचायला उभं केलं की एकेक अक्षर लावत बसतो आणि जोडाक्षरापाशी थांबतो. एका मुलीला दोन्ही कानांना श्रवणयंत्र आहे. "समजलं का?" विचारलं की ती नेहमी "हो" म्हणते, वही मात्र कोरी असते. एका मुलाला चष्मा लावूनही फळ्यावरचं दिसत नाही. आणखी दोघं पाच मिनिटंसुद्धा एका जागी टिकत नाहीत. वाचनात अडणाऱ्या मुलाला टॅब दिला, तर बाकीची पोरं 'ढ'चा टॅब म्हणून चिडवायला लागली. आता तो त्याला हात लावत नाही. तिन्ही टॅब कपाटात पडून आहेत. या मुलांसाठी कोणती खास अ‍ॅप घ्यावी आणि सुरुवात कुठून करावी?
– एक शिक्षिका, पूर्व नागपूर

उत्तर :

ताई, सध्या विकतचं एकही अ‍ॅप घेऊ नका. टॅबमध्ये आधीपासून जे आहे किंवा फुकट मिळतं, त्यात तुमचं बहुतेक काम भागेल. त्याआधी प्रत्येक मूल नेमकं कोणत्या कामापाशी अडतं, ते बघायला हवं. 'वाचता येत नाही' एवढ्यावर काही ठरवता येत नाही. उतारा वाचून प्रश्नाचं उत्तर लिहिण्यात चार वेगळी कामं आहेत : अक्षरं लावणं, अर्थ समजणं, उत्तर मनात जुळवणं आणि ते हाताने लिहिणं. तुमचा पहिला मुलगा पहिल्या आणि बहुधा चौथ्या कामाला अडतो. मधली दोन त्याला जमतात, हे त्याच्या तोंडी उत्तरांतून दिसतंच आहे. टॅब त्या अडलेल्या कामापुरता वापरायचा. चिडवाचिडवी थांबवण्याची वाटही इथूनच निघते, ती पुढे सांगतो.

सगळ्यात जास्त मेहनत वाचनाला लागेल, म्हणून आधी तेच.

टॅबच्या सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी उघडा. 'टेक्स्ट-टू-स्पीच'मध्ये गूगलचं इंजिन निवडून मराठी आवाज डाउनलोड करून ठेवा, म्हणजे शाळेचं नेट गेलं तरी टॅब बोलेल. आवाजाचा वेग नेहमीपेक्षा थोडा कमी ठेवा. मग तिथेच 'सिलेक्ट टू स्पीक' सुरू करा. परिच्छेदावर बोट ठेवलं की टॅब तो वाचून दाखवतो आणि जो शब्द चालू आहे तो रंगवत पुढे जातो. या मुलाला गरज आहे ती याच गोष्टीची, कान आणि डोळा एकाच शब्दावर असण्याची.

पहिला खोळंबा इथेच होतो. बालभारतीच्या पुस्तकाची पीडीएफ उघडून मजकूर वाचायला लावला, तर बऱ्याचदा टॅब भलतंच काही बडबडतो, आणि कॉपी करून पेस्ट केलं की मराठीऐवजी चिन्हांची खिचडी दिसते. टॅब बिघडलेला नसतो. पानांची जुळणी युनिकोड (प्रत्येक अक्षराला एकच ठरावीक क्रमांक देणारी पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये झालेली असली, की पडद्यावर 'क' दिसतो पण फाइलच्या पोटात त्या जागी वेगळंच चिन्ह असतं. आपण आकार वाचतो, टॅब पोटातलं चिन्ह वाचतो. त्यामुळे फाइल पुन्हा डाउनलोड करून किंवा दुसरं अ‍ॅप टाकून फरक पडत नाही.

उपाय असा. पान मोठं करून फक्त हवा तो परिच्छेद पडद्यावर आणा आणि स्क्रीनशॉट घ्या. चित्र, चौकट किंवा शेजारचा रकाना त्यात येऊ देऊ नका, नाहीतर ओळी एकमेकींत मिसळतात. तो स्क्रीनशॉट गूगल लेन्समध्ये उघडून मजकूर कॉपी करा आणि गूगल डॉक्समध्ये पेस्ट करा. अख्खं पान करायचं असेल तर संगणकावर पानाचं चित्र ड्राइव्हवर चढवून ते गूगल डॉक्समध्ये उघडा. फाइल २ एमबीच्या आत ठेवा आणि पान सरळ धरून टिपलेलं असू द्या. नंतर एकदा नजर फिरवावीच लागते. अनुस्वार गळणं, रफार शेजारच्या अक्षरावर जाणं, 'ऱ्या'चं 'र्या' होणं, 'द्य' आणि 'घ' यांची अदलाबदल, १ आणि ९ यांचा घोटाळा, या नेहमीच्या चुका.

टॅबच्या उच्चारातही खोट राहते. 'चमचा'तला च आणि 'चहा'तला च त्याला दर वेळी वेगळा काढता येत नाही, ज आणि झ यांचंही तेच. 'उदा.' किंवा 'इ.स.' असे संक्षेप तो अडखळत वाचतो, आणि ३/४ ही तारीख समजून वाचू शकतो. म्हणून मुलाच्या प्रतीत 'उदाहरणार्थ' आणि 'तीन छेद चार' असं अक्षरांत लिहा.

मजकुराची मांडणी साधी ठेवा. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी फॉन्ट, आकार १८ पॉइंट, दोन ओळींमधलं अंतर दीडपट किंवा जास्त, कारण मराठीत वेलांट्या-मात्रा वर आणि उकार खाली येतात. ओळी डावीकडून सरळ सुरू होऊ द्या. दोन्ही बाजू ताणून जुळवलेल्या मजकुरात शब्दांमधल्या फटी कमी-जास्त होतात. ठळक अक्षर टाळा, जोडाक्षरांतल्या पोकळ्या बुजतात. 'खास डिस्लेक्सियासाठी' (वाचायला शिकण्यातल्या अडचणीसाठी) म्हणून विकले जाणारे रंगीत कागद आणि फॉन्ट यांवर शाळेचा पैसा घालू नका. त्यांचा फायदा ठामपणे दिसून आलेला नाही. मोठा आकार आणि मोकळं अंतर यांचा उपयोग मात्र होतो.

वापरताना एक भेद पक्का धरा. विज्ञान, भूगोल, इतिहास यांत टॅबने वाचून दाखवणं म्हणजे त्या मुलाला मजकुरापर्यंत पोचवणं. त्यात काही कमीपणा नाही आणि ते रोज करा, नाहीतर वाचन येईपर्यंत तो बाकीच्या सगळ्या विषयांत मागे पडेल. पण वाचायला शिकणं हे वेगळं काम आहे आणि ते ऐकून होत नाही. त्यासाठी रोज १५ मिनिटं वेगळी काढा : एका दिवशी एकाच प्रकारची जोडाक्षरं (आज 'क्र, प्र, त्र', उद्या रफार), त्यांचे आठ-दहा शब्द, मग त्याच शब्दांची चार-पाच वाक्यं. मजकूर सहावीचा नको, त्याला दहात नऊ शब्द वाचता येतील असा असावा. गूगलचं 'रीड अलाँग' मराठीत आहे, मूल मोठ्याने वाचतं आणि ते ऐकतं. सरावाला ठीक आहे, पण गोंगाटात ते बरोबर शब्दालाही चूक धरतं, तेव्हा त्याच्या गुणांवरून मुलाची पातळी ठरवू नका.

लिहिण्यासाठी जीबोर्ड या गूगलच्या कीबोर्डचं मराठी बोलून टाइप करणं वापरता येईल, फक्त भरल्या वर्गात नाही. माइक शेजारच्या बाकावरचं बोलणंही उचलतो. व्हरांड्यात बसवा, किंवा तारेचा माइकवाला हेडफोन द्या आणि माइक ओठांच्या कोपऱ्यापासून दोन-तीन सेंटिमीटरवर ठेवा. असे हेडफोन सीताबर्डीच्या बाजारात स्वस्तात मिळतात. ब्लूटूथचे नको, चार्जिंग आणि जोडणीतच तास जातो. आणि मुलाला त्याच्या बोलीत बोलू द्या. "काहून"चं (म्हणजे 'का'चं) टॅबने काहीही केलं तरी चालेल. आधी विचार उतरू दे, प्रमाण मराठी दुसऱ्या फेरीत तुम्ही दोघं मिळून करा. आधीच 'शुद्ध बोल' म्हटलं की उत्तर तीन शब्दांवर येतं.

आता श्रवणयंत्र असलेली मुलगी. तिच्या बाबतीत टॅबच्या आधी बसण्याची जागा येते. श्रवणयंत्र आवाज मोठा करतं, पण हवा तो आवाज निवडून देत नाही. तुमच्या बोलण्यासोबत कूलर, पंखा, बाक सरकवणं, सगळंच मोठं होतं. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. तिला बोलणं नीट कळायचं तर तुमचा आवाज आजूबाजूच्या गोंगाटाहून साधारण १५ डेसिबलने वर हवा. एप्रिलमध्ये कूलर भर्र चालू असताना चौथ्या बाकावर हे जमणं अवघड. तिला पुढच्या किंवा दुसऱ्या बाकावर, तुमच्यापासून दीड-दोन मीटरच्या आत, कूलरपासून लांब बसवा. ज्या कानाने जास्त ऐकू येतं तो कान तुमच्याकडे असू द्या. तुमच्या पाठीमागे खिडकी नको. उजेड तोंडावर पडला तरच तिला ओठ दिसतात. फळ्याकडे तोंड करून बोलणं बंद करा, आधी लिहा, मग वळून बोला. महत्त्वाचं सांगताना दोन मिनिटं कूलर बंद केला तर सगळ्यांनाच नीट ऐकू येईल.

सकाळी हजेरीच्या वेळी अर्ध्या मिनिटाची तपासणी करा. एका मीटरवरून, तोंडापुढे कागद धरून आ, ई, ऊ, म्, स्, श् हे सहा ध्वनी एकेक करून म्हणा, मध्ये कधी लांब थांबा, कधी लवकर म्हणा. ऐकू आलं की तिने तोच ध्वनी परत म्हणायचा. काल येत असलेला 'स्' आज येत नसेल, तर आधी बॅटरी, मग नळीत मळ किंवा घामाचं पाणी बघा. तिच्या यंत्राला झिंक-एअर बॅटरी असेल तर वरची चिकटपट्टी काढल्यावर मिनिटभर हवा लागू द्या, मग यंत्रात घाला. एकदा पट्टी काढली की बॅटरी वापरा किंवा न वापरा, संपत जाते. आणि नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात ती जास्तच लवकर वाळते. दोन जादा बॅटऱ्या तुमच्या टेबलाच्या खणात ठेवायला पालकांना सांगा.

मग टॅब. 'लाइव्ह ट्रान्सक्राइब' तुमचं मराठी बोलणं अक्षरांत दाखवतं. टॅब स्टँडवर तिच्या बाकावर, तिची नजर तुमच्या चेहऱ्यावरून सहज खाली येईल असा ठेवा. तुमच्या कॉलरचा बिनतारी माइक टॅबला जोडला तर चुका बऱ्याच कमी होतात. त्याच्या मर्यादा आधीच समजून घ्या : नेट चांगलं लागतं, अक्षरं थोडी उशिरा येतात, विशेषनामं आणि 'प्रकाशसंश्लेषण'सारखे शब्द चुकतात, आणि चार मुलं एकदम बोलली की सगळं कोलमडतं. म्हणून पाठातले पाच-सहा अवघड शब्द तास सुरू होण्याआधी फळ्याच्या कडेला लिहून ठेवा. आणि ती स्वतः किती वेगाने वाचते, ते आधी बघा. वाचन संथ असेल तर धावती अक्षरं तिच्यावर दुसरं ओझं होतील. मग पाच ओळींचा सारांश कागदावर दिलेला बरा.

"समजलं का?" हा प्रश्न तिला विचारूच नका. "आता काय करायचं आहे, ते सांग" असं विचारा. 'हो' म्हणून सुटता येणार नाही असा प्रश्न हवा, पण तो वर्गातल्या इतर दोघा-तिघांनाही विचारा.

कमी दिसणाऱ्या मुलाचं गणित मोजपट्टीने सुटेल. ५५ इंची टीव्हीचा पडदा सुमारे ६८ सेंटिमीटर उंच असतो. पडद्याच्या उंचीच्या सहा पटींपर्यंत साधा मजकूर आरामात वाचता येतो, असा पडद्यावर मजकूर दाखवण्याचा सर्वसाधारण नियम आहे. म्हणजे चांगली नजर असलेल्या मुलांनाही चार मीटरपलीकडे वाचणं जड जातं. पुस्तकाचं उभं पान आडव्या पडद्यावर पूर्ण दाखवलं, तर शेवटच्या बाकांना अक्षर नाहीच दिसणार. टीव्हीवर एका वेळी सात-आठ ओळींपेक्षा जास्त नको. काळ्यावर पिवळी किंवा पांढरी अक्षरं लावून बघा, आणि त्या मुलाला कोणती जोडी सोपी जाते ते त्यालाच विचारा. खिडकीची चमक पडद्यावर पडत असेल तर तिथे जाड पडदा लावा.

फळ्यासाठी एक टॅब कायम त्याच्याकडे राहू द्या. फळा भरत आला की टॅबवर समोरून फोटो, तासात दोन-तीनदा. शेवटी एकदाच काढला तर तो अख्खा तास मागे राहतो. बोटांनी मोठं करून तो वाचेल आणि उतरवून घेईल. टॅब उतरत्या पाटीवर ठेवा, नाहीतर दिवसभर मान वाकून राहते. तो पुस्तक नाकाशी धरत असेल तर धरू द्या. जवळून वाचल्याने त्याची नजर आणखी बिघडत नाही, आणि "डोळे खराब होतील" म्हणून पुस्तक लांब करायला लावलं तर त्याचं वाचनच थांबतं. वहीत ठळक रेघा, जाड काळं पेन. या दोन स्वस्त गोष्टी कित्येक अ‍ॅपपेक्षा जास्त कामाच्या आहेत.

न टिकणाऱ्या दोघांसाठी टॅबची फारशी गरज नाही. काम सात-आठ मिनिटांच्या तुकड्यांत द्या, टीव्हीच्या कोपऱ्यात उलटी मोजणी लावा, आणि दीक्षा या सरकारी शिक्षण अ‍ॅपवरचा व्हिडिओ तीन-चार मिनिटांनी थांबवून एक प्रश्न विचारा. टॅब दिलाच तर सूचना बंद आणि 'अ‍ॅप पिनिंग' चालू, त्यात बाहेर पडताना पिन विचारण्याचा पर्यायही लावा, म्हणजे पिनशिवाय दुसरं अ‍ॅप उघडत नाही. काम लवकर संपवलं म्हणून बक्षीस म्हणून गेम लावू नका. मुलं काम उरकायला शिकतात, आणि टॅब म्हणजे खेळ हे वर्गात ठरून जातं.

तर वाटणी अशी : एक टॅब कमी दिसणाऱ्या मुलाकडे, एक फक्त तुम्ही बोलून शिकवता त्या तासांना श्रवणयंत्रवाल्या मुलीकडे, आणि तिसरा 'ऐकत वाचा' कोपऱ्यात. चिडवण्यावरचा इलाज हा कोपरा. तिथे रोज चौघं बसतील, तुमचा मुलगा आणि पाळीने तिघं. साधारण १४ दिवसांत अख्खा वर्ग तिथे बसून होतो. एका टॅबवरून चौघांनी ऐकायला हेडफोनचे तारेचे दुभाजक (स्प्लिटर) लागतील. पहिल्या दिवशी त्याला मुद्दाम बसवू नका, वर्गात ज्यांचं वजन आहे अशा मुलांपासून सुरुवात करा. उतारा सगळ्यांसाठी तोच ठेवा आणि शेवटचा प्रश्न तोंडी घ्या. तिथे हा मुलगा पुढे असेल आणि तेही सगळ्यांना दिसेल. 'ढ' हा शब्द मात्र वर्गात स्पष्टपणे थांबवा, त्याला यंत्राचा इलाज नाही.

काही व्यवस्थेच्या गोष्टी. टॅबवर तुमचं खासगी गूगल खातं घालू नका, शाळेच्या नावाने वेगळं उघडा. मुलांचे वाचनाचे व्हिडिओ पालकांच्या ग्रुपवर टाकू नका आणि आवाजाची रेकॉर्डिंग काम झालं की पुसा. उन्हाळ्यात टॅब लोखंडी कपाटात ठेवू नका. तापलेला टॅब चार्जिंग थांबवतो, आणि बॅटरी फुगून मागचं झाकण उचललेलं दिसलं तर तो तिथेच बंद करा, दाबू नका, चार्ज करू नका. सुट्टीत ठेवताना बॅटरी निम्मी भरलेली असावी.

पहिल्या मुलाला तुम्ही स्वतः 'डिस्लेक्सिया' असं नाव देऊ नका, पालकांपुढे तर नाहीच. आधी डोळे आणि कान तपासून घ्या, मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागात ते होतं. मग समग्र शिक्षा या सरकारी योजनेच्या शहर साधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना वर्गात बोलवा. नागपुरात दिव्यांगांसाठीचं समेकित क्षेत्रीय केंद्र, सीआरसी, आहे. मूल्यमापन आणि साहाय्यक साधनांबद्दल तिथेही विचारा. विशिष्ट अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सिया त्यातच मोडतो) २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत येते. प्रमाणपत्राचं काम दहावीच्या तोंडावर न ठेवता आत्ताच सुरू करावं, कारण परीक्षेतला तासामागे २० मिनिटांचा जादा वेळ किंवा लेखनिक त्या कागदावरच मिळतो. विशेष शिक्षकांना भेटताना रिकाम्या हाताने जाऊ नका : एकच उतारा त्याने स्वतः वाचून दिलेली उत्तरं आणि टॅबवरून ऐकून दिलेली उत्तरं, असे तीन-चार जोड तारखेसह फाइलला लावा. नुसत्या 'हुशार आहे पण वाचत नाही' या वाक्यापेक्षा त्यांना या जोडांवरून बरंच जास्त कळतं.

येत्या सोमवारी एवढंच करा : त्या मुलीची जागा बदला, फळ्याचे फोटो सुरू करा आणि विज्ञानाचा एक परिच्छेद लेन्समधून काढून डॉक्समध्ये ठेवा. कोपरा पुढच्या आठवड्यात. महिन्याभराने आम्हाला कळवा की सकाळच्या सहा ध्वनींपैकी कोणता गळतो आणि परिच्छेद काढताना नेमक्या कोणत्या अक्षरांना त्रास झाला. त्यावरून पुढचं सांगता येईल.